नाचासाठी हूप, प्रवासासाठी हूप: नवशिक्यांनी निवड कशी करावी

हूप डान्स (मोठं गोल कडं, म्हणजे हूप, अंगावर किंवा हातात फिरवत करायचा नाच) शिकायचं ठरलं की पहिला प्रश्न पडतो तो कुठला हूप घ्यायचा हाच. बरेच नवशिके इथे दोनपैकी एका टोकाला जातात. एक तर खेळण्यांच्या दुकानातला लहान मुलांचा हलका हूप आणतात, नाहीतर व्हिडिओत एखाद्या तयार कलाकाराच्या बोटांवर फिरताना पाहिलेला बारीक, चमकदार हूप मागवतात. कमरेवर दोन्ही टिकत नाहीत. दोन-चार दिवस प्रयत्न करून माणूस ठरवतो की आपल्या अंगात लयच नाही. खरं तर चुकीचं माप हातात असतं, एवढंच. योग्य हूप घेऊन पुन्हा उभं राहिलं की फरक पहिल्या काही फेऱ्यांतच जाणवतो.

प्रवासाचा विचार आला की गोंधळ आणखी वाढतो. लोक आधी बॅग बघतात आणि तिच्यात मावेल असा हूप शोधायला लागतात. या लेखात मला हाच क्रम उलटा करायचा आहे. आधी तुमचं शरीर आणि तुम्हाला करायचा नाच, त्यावरून व्यास, आणि तो व्यास ठरल्यावर बॅग. व्यास कमी न करताही हूप लहान जागेत नेता येतो.

इथे हूप डान्स म्हणजे एक किंवा दोन हूप घेऊन संगीतावर केला जाणारा आधुनिक नाच, एवढा अर्थ धरला आहे. उत्तर अमेरिकेतल्या मूळनिवासी समाजांचा हूप डान्स ही स्वतंत्र परंपरा आहे. त्यात नर्तक अनेक लहान कडी एकमेकांत गुंफून गरुड, फुलपाखरू अशा आकृत्या उभ्या करतात. फिनिक्सच्या हर्ड म्युझियममध्ये १९९१ पासून त्याची जागतिक स्पर्धा भरते. त्या कड्यांचे निकष वेगळे आहेत, इथली मापं त्यांना लावू नका.

पहिली पायरी: हूप अंगावर फिरणार की हातात?

हूपिंगचे ढोबळमानाने दोन प्रकार. कंबर, नितंब, छाती, खांदे, गुडघे यांच्याभोवती हूप फिरवत ठेवणं म्हणजे ऑन-बॉडी. हातात, बोटांवर, अंगापासून दूर हूप खेळवणं म्हणजे ऑफ-बॉडी. हूप हवेत एकाच जागी थांबल्यासारखा दिसतो ते आयसोलेशन, एका हातातून छातीवरून दुसऱ्या हातात घरंगळत जातो तो चेस्ट रोल, वर फेकून झेलणं म्हणजे टॉस. हे सगळं ऑफ-बॉडीत येतं.

दोन्हींच्या गरजा विरुद्ध आहेत. अंगावर फिरणारा हूप मोठा आणि जरा वजनदार हवा, हातातला लहान आणि हलका. यामागचं कारण समजून घेतलं तर पुढचे निर्णय सोपे होतात. कमरेवरच्या हूपला गुरुत्वाकर्षण सतत खाली खेचत असतं. त्याला वर धरून ठेवतो तो शरीराचा धक्का आणि त्वचेचं किंवा कपड्याचं घर्षण. हूप मोठा असेल तर तो एक फेरी सावकाश पूर्ण करतो, म्हणजे पुढचा धक्का द्यायला तुम्हाला वेळ मिळतो. लहान हूपला तेच काम भराभर करावं लागतं. नवशिक्याचं शरीर अजून ती लय शोधत असतं, तेवढ्यात लहान हूप गुडघ्यापर्यंत घसरलेला असतो.

शरीराच्या आकाराचाही यात वाटा आहे. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी वेगवेगळ्या आकारांचे ठोकळे यंत्रावर फिरवून त्यांच्याभोवती हूप टिकतो का हे पाहिलं आणि २०२४ च्या अखेरीस निष्कर्ष प्रसिद्ध केले. आडवा छेद गोल आहे की लांबट, याने फारसा फरक पडत नव्हता. पण हूप एका उंचीवर टिकायला दोन गोष्टी लागत होत्या: नितंबांसारखा उतार आणि कमरेसारखी आत गेलेली वळणदार बाजू. तुमची अंगकाठी सरळसोट असेल आणि हूप इतरांपेक्षा लवकर घसरत असेल, तर त्यात तुमची चूक नाही. थोडा मोठा, थोडा खरखरीत हूप घ्या.

दोन्ही प्रकार शिकायचे असतील तरी सुरुवात ऑन-बॉडीच्या हूपने करा, असं मी आग्रहाने सांगेन. कमरेवर लय बसली की हातातल्या हालचाली त्याच लयीवर चढतात. मोठ्या हूपवर आयसोलेशनचा सराव करता येतो, त्याला कष्ट पडतात इतकंच. लहान हूपवर कंबर शिकणं मात्र बहुतेकांना निराश करतं.

दुसरी पायरी: व्यास

हूप जमिनीवर उभा करून स्वतःच्या समोर धरा. त्याची वरची कड बेंबी आणि छातीचा मध्य यांच्या दरम्यान यायला हवी. पहिल्यांदाच शिकणाऱ्या प्रौढांना साधारण ९७ ते १०७ सेंमी, म्हणजे ३८ ते ४२ इंच हे माप सोयीचं पडतं. उंची जास्त असेल किंवा कमरेचा घेर मोठा असेल तर वरच्या टोकाकडे जा. उंची कमी पण घेर जास्त असेल तर घेराचं ऐका, कारण हूपला उंचीशी नाही, कमरेशी खेळायचं असतं.

कमरेवर हूप निर्धास्त फिरायला लागला, चालताना आणि वळतानाही टिकायला लागला, की ८४ ते ९१ सेंमीचा हूप घ्यावा. अंगावर आणि हातात दोन्हीकडे चालणारं हे मधलं माप आहे. निव्वळ ऑफ-बॉडीसाठी ६६ ते ७६ सेंमी, आणि दोन हातांत दोन हूप घेऊन केल्या जाणाऱ्या डबल्ससाठी त्याहूनही लहान, ५६ ते ६६ सेंमी. या पायऱ्या उतरत यायच्या असतात. एकदम शेवटच्या पायरीवर उडी मारण्यात काही मिळत नाही.

विकत घेताना विचारायलाच हवं असं एक: सांगितलेला व्यास बाहेरून बाहेर मोजलेला आहे की आतून आत? नळी २५ मिमी जाडीची असेल तर या दोन मापांत ५ सेंमीचा फरक पडतो. नवशिक्यासाठी ५ सेंमी म्हणजे टिकणारा हूप आणि पडणारा हूप यांच्यातलं अंतर ठरू शकतं.

तिसरी पायरी: नळीची जाडी आणि वजन

नळी बाहेरून साधारण तीन जाडींत मिळते: २५ मिमी, १९ मिमी आणि १६ मिमी. इंचांत सांगायचं तर १, पाऊण आणि पाच-अष्टमांश. नवशिक्याचा २५ मिमी नळीचा मोठा हूप टेपसकट अर्ध्या किलोच्या आसपास भरतो. ७६ ते ८१ सेंमीचा पातळ पॉलिप्रो (एक ताठ प्लास्टिक) हूप दीडशे ते दोनशे ग्रॅमचा असतो. हातात घेतल्यावर हा फरक लगेच कळतो, आणि नाचतानाचा वेगही त्यावरूनच ठरतो.

वजन वाढवत नेलं तर आणखी सोपं होईल असं वाटतं, पण तसं होत नाही. व्यायामासाठी मिळणारे एक-दोन किलोचे, आतून उंचवटे असलेले, फोम लावलेले हूप नाचासाठी घेऊ नका. बरगड्यांवर आणि नितंबाच्या हाडावर काळेनिळे डाग पडतात, आणि हात-गुडघ्यांवर तो फिरवणं धोक्याचंच. कमरपट्ट्याला अडकवलेल्या दोरीला वजन बांधून फिरवायचं उपकरणही हूप म्हणून विकलं जातं. ते अंगावरून काढून हातात घेता येत नाही, त्यामुळे नाचाच्या कामाचं नाही.

पहिल्या आठवड्यात साध्या हूपनेही हलके डाग पडू शकतात. त्वचा सरावते तसे ते कमी होतात. दुखणं टिकून राहिलं, किंवा पाठ वा पोट यांची काही तक्रार आधीपासून असेल, तर डॉक्टरांना विचारूनच पुढे जा.

चौथी पायरी: प्लास्टिक

तीन नावं कानावर येतील. पाण्याच्या आणि ठिबकच्या नळ्यांचं मऊ पॉलिइथिलीन, कडक आणि चिवट एचडीपीई (हाय-डेन्सिटी पॉलिइथिलीन), आणि सगळ्यात ताठ पॉलिप्रोपिलीन, ज्याला सगळे हूपर पॉलिप्रो म्हणतात.

मऊ नळी सावकाश फिरते, अंगावर आदळली तरी फार लागत नाही, आणि स्वस्त पडते. शिकण्यासाठी ती उत्तम. घरी करायचा असेल तर नळीची लांबी काढायचा हिशेब साधा आहे: हव्या असलेल्या बाहेरच्या व्यासातून नळीची जाडी वजा करा आणि ३.१४ ने गुणा. १०० सेंमीच्या हूपला २५ मिमीची नळी घेतली तर सुमारे ३०६ सेंमी लागेल. नळीचं टोक गरम पाण्यात बुडवून मऊ करायचं, खाचा असलेला जोडतुकडा आत घट्ट दाबायचा, थंड झाल्यावर दुसऱ्या टोकाचंही तसंच. सांध्यावर टेप गुंडाळली की हूप तयार.

पॉलिप्रो बोटांच्या हुकुमाला लगेच प्रतिसाद देतो. तुम्ही वळवला की वळतो, थांबवला की थांबतो. पण तो ताठ असल्यामुळे कोपरावर किंवा कपाळावर बसला की चांगलाच लागतो. थंडीत, तापमान शून्याच्या आसपास गेलं की तो ठिसूळ होतो आणि जमिनीवर आपटून तडकू शकतो. थंड प्रदेशात बाहेर नाचणार असाल तर एचडीपीई घ्या. तो किंचित जड, किंचित लवचीक आहे आणि थंडीत बराच जास्त टिकतो.

या दोन प्लास्टिकांचा उगम एकच आहे. फिलिप्स पेट्रोलियम या अमेरिकी कंपनीत १९५१ मध्ये पॉल होगन आणि रॉबर्ट बँक्स या रसायनशास्त्रज्ञांना आधी स्फटिकरूप पॉलिप्रोपिलीन आणि मग एचडीपीई बनवण्याची वाट सापडली. कंपनीने एचडीपीई ‘मारलेक्स’ या नावाने बाजारात आणलं, पण सुरुवातीचा माल एकसारख्या दर्जाचा नव्हता आणि गोदामांत पडून राहिला. १९५८ मध्ये व्हॅम-ओ कंपनीने हुला हूप आणला, त्याची लाट उसळली आणि नळ्यांसाठी मारलेक्सला अचानक मोठी मागणी आली. आज आपण ज्या दोन प्लास्टिकांत निवड करत बसतो, त्यातल्या एकाला बाजारात उभं करण्यात हूपचाच हात होता. मला ही गोष्ट फार आवडते.

पाचवी पायरी: प्रवास

आता बॅग काढा. हूप नेण्याचे मार्ग तीन: अख्खा नेणं, वेटोळं करून नेणं, तुकडे करून नेणं.

स्वतःच्या गाडीने किंवा रेल्वेने जाणार असाल तर अख्खा हूप न्यायला काही हरकत नाही. खांद्यावरून तिरका घाला, किंवा पाठीवरच्या सॅकच्या पट्ट्यांत अडकवा. सांधा एकच राहतो आणि हूपचा गोलपणा बिघडत नाही. विमानात अख्खा हूप न्यायचा असेल तर तिकीट काढण्याआधीच विमान कंपनीला विचारा. क्रीडासाहित्याचे नियम प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात.

वेटोळं करायचं तर हूपचा सांधा उघडणारा हवा. त्यात स्प्रिंगचं बटण असतं, ते दाबलं की टोकं सुटतात. एक टोक दुसऱ्यावरून आत सरकवत न्यायचं, एका मोठ्या कड्याची दोन लहान कडी होईपर्यंत. मग तीन-चार ठिकाणी वेल्क्रोच्या पट्ट्यांनी बांधायचं. दोन फेरे झाले की व्यास जवळपास निम्मा होतो: ९० सेंमीचा हूप ४५ सेंमीत, ७६ चा ३८ मध्ये. १९ आणि १६ मिमीच्या एचडीपीई आणि पॉलिप्रो नळ्या हे सहन करतात. २५ मिमीची जाड नळी एवढी वाकवू नका, ती चेपते आणि चेपलेली जागा पुन्हा नीट गोल होत नाही. पॉलिप्रो गुंडाळताना चेहरा बाजूला ठेवा आणि टोक घट्ट धरा. सुटलं तर ते जोरात उसळतं.

वेटोळ्यातला खरा धोका वेळेचा आहे. प्लास्टिकला जो आकार दिवसेंदिवस दिला जातो तो ते धरून बसतं, आणि उष्णतेत तर फारच लवकर. पोहोचल्या पोहोचल्या हूप उघडा. परत निघायच्या आदल्या रात्री नव्हे, निघताना बांधा. घरी तो कधीही वेटोळ्यात ठेवू नका. अंडाकृती झालाच तर कोवळ्या उन्हात थोडा वेळ ठेवून कोमट होऊ द्या, मग लांबट बाजूंनी हळूहळू दाबत गोल करा. हळूहळूच, कारण घाईत उलट बाजूला पोचा येतो.

तुकड्यांचा हूप चार, सहा किंवा आठ भागांत सुटतो. तुकडे टोकापासून टोकापर्यंत किती लांब असतील याचा हिशेब विकत घेण्याआधीच करता येतो. चार तुकड्यांत प्रत्येक तुकड्याची सरळ लांबी व्यासाच्या ०.७१ पट, सहा तुकड्यांत बरोबर निम्मी, आठ तुकड्यांत ०.३८ पट. म्हणजे ९० सेंमीच्या हूपचे चार तुकडे प्रत्येकी ६४ सेंमी, सहा तुकडे ४५ सेंमी आणि आठ तुकडे ३४ सेंमी. तुकडा वाकडा असल्यामुळे बाजूलाही जागा खातो: चारमध्ये सुमारे १३ सेंमी, सहामध्ये ६, आठमध्ये साडेतीन. पण तुकडे एकात एक बसतात, त्यामुळे सगळ्यांना मिळून फार जागा लागत नाही.

बऱ्याच विमान कंपन्यांच्या केबिन बॅगेची उंची ५५ सेंमीच्या आसपास असते. चाकं आणि दांड्याची जागा सोडली तर आत त्याहून कमी. तिथे चार तुकड्यांचा ९० सेंमीचा हूप जात नाही, सहाचा सहज जातो. १०० सेंमीच्या सहा तुकड्यांना ५० सेंमी लागतात, ते तिरके ठेवून बसतील. आठचा हूप पाठीवरच्या साध्या सॅकमध्येही मावतो.

मग सरळ आठचाच का घेऊ नये? कारण प्रत्येक सांधा नाचात जाणवतो. नळीच्या आत जोडतुकडा असल्यामुळे तिथे वजन साठतं, वाक बदलतो, आणि सैल झाला की टक-टक आवाज येतो. हातात हूप घरंगळवताना बोटांना हे अडथळे लागतात. कमरेवर त्रास कमी, पण सांध्यांची संख्या वाढली की हूपचा एकसंधपणा जातो. माझा नियम असा: तुमच्या नेहमीच्या बॅगेत बसेल इतकेच कमीत कमी तुकडे. वेटोळं करून काम भागत असेल तर तुकडे नकोतच. आतून लवचीक दोरी ओवलेले तुकड्यांचे हूपही मिळतात. त्यात तुकडे हरवत नाहीत आणि जुळवणी पटकन होते, पण दोरी सैल पडू लागली की हूप फिरवताना सांधे उघडतात, म्हणून ती ताणून बघा.

सांधा तपासायची पद्धत सगळ्या प्रकारांना एकच. जोडल्यावर बटण भोकातून पूर्ण वर आलं पाहिजे. टोकांमध्ये नख जाईल इतकीही फट नको. डोळे मिटून आतल्या बाजूने बोट फिरवा, कुठे धार किंवा उंचवटा लागतो का बघा. हूप सपाट फरशीवर ठेवा: डुगडुगला तर तो पिळलेला आहे. शेवटी कानाजवळ धरून हलवा, आत काही खुळखुळायला नको.

सतत फिरणाऱ्या आणि एकच हूप नेऊ शकणाऱ्या माणसाने काय घ्यावं, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे: ८६ ते ८९ सेंमीचा, १९ मिमी एचडीपीईचा, एका बटणाच्या सांध्याचा, वेटोळं होणारा हूप. अगदी नवशिक्याला तो किंचित लहान वाटेल. तसं असेल तर घरी मोठ्या हूपवर शिका आणि हा प्रवासाला ठेवा.

सहावी पायरी: पकड

उघडी नळी घामाने निसरडी होते. आतल्या बाजूवरून बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवला की पकड लगेच सुधारते. वजन अजिबात वाढत नाही, म्हणून प्रवासी हूपला हा उपाय सगळ्यात चांगला. नवशिक्याच्या हूपवर कापडी गॅफर टेप तिरकी गुंडाळून घ्यावी. चमकदार टेप सुंदर दिसते पण सटकते, तेव्हा ती बाहेरच्या बाजूला आणि गॅफर आतल्या बाजूला अशी जोडी ठेवा. टेप सांध्यापाशी तोडून लावा, नाहीतर हूप उघडता येणार नाही.

कपडेही पकडीचाच भाग आहेत. गुळगुळीत सिंथेटिक कापडावरून हूप घसरतो, सुती कपड्यावर टिकतो, उघड्या त्वचेवर सगळ्यात चांगला टिकतो. हूप नवा आणि कपडे निसरडे, अशा अवस्थेत हूपला दोष देऊ नका.

एलईडी आणि आगीचे हूप

हे दोन्ही पहिल्या खरेदीत नकोत. दिव्यांचा हूप घ्यायचाच असेल तर तो वेटोळ्यासाठी बनवला आहे का हे आधी विचारा. तसा नसेल तर वाकवल्यावर आतल्या तारा तुटतात. बॅटरी काढता येणारी असेल तर विमानप्रवासात सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिन बॅगेतच ठेवाव्या लागतात, चेक-इन सामानात चालत नाहीत. टोकं टेपने झाका, म्हणजे नाण्या-किल्ल्यांना लागून शॉर्ट होणार नाहीत. बॅटरी हूपच्या आत पक्की बसवलेली असेल तर हूप बंद करून, बटण चुकून दाबलं जाणार नाही अशा तऱ्हेने भरा आणि कंपनीचा नियम वाचून घ्या.

आगीच्या हूपच्या वाती इंधन शोषून बसलेल्या असतात. वापरलेल्या वाती आणि इंधन विमानात नेता येत नाही. हा प्रकार जाणत्या शिक्षकाच्या हाताखाली, शेजारी ओला टॉवेल घेऊन उभा असलेला माणूस असतानाच शिकायचा असतो, आणि तोही साधा हूप अंगवळणी पडल्यानंतर.